बंद लाईनीतली वीज

बजाबाईंचा फोन आला तेव्हा निवेदिता सोलापूरच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकटीच बसली होती. बजाबाईंची चिंचबनात पिठाची गिरणी. केम स्टेशनवरून आत माळाच्या अंगाला गेलं की हे गाव लागतं. गावात वीज गेली की सगळ्यात आधी ओरड गिरणीतूनच व्हायची, म्हणून निवेदितानं त्यांना आपला नंबर देऊन ठेवला होता.

"बाई, लाईट गेली म्हणत्यात, पण माझी गिरणी चालूच हाय की," बजाबाई म्हणाल्या. मागे गिरणीचा आवाज येत होता. "समद्या गावात पंखं चालल्यात. तुमचं यंत्र चाललं बघा."

 निवेदिता हसली. दोन वर्षं ती याच दिवसाची वाट पाहत होती.

चिंचबनाच्या बाहेर पडीक जमिनीवर सौर पॅनेलं होती आणि त्यांच्या शेजारी कंटेनरमध्ये एक मोठी बॅटरी. मुख्य वीज गेली, की गावाच्या हद्दीवरच्या खांबावरचा स्विच आपोआप उघडायचा. त्यामुळे गाव बाकीच्या लाईनीपासून सुटं व्हायचं, आणि मग पॅनेलं आणि बॅटरी मिळून गावाला वीज द्यायची. मुख्य वीज परत आली की स्विच मिटायचा आणि सगळं पूर्ववत. हे सगळं कुणी हात न लावता व्हावं, यासाठीचा प्रोग्रॅम निवेदितानं लिहिला होता. तेच तिचं पीएचडीचं काम. डोक्यावर एवढं ऊन तळपत असताना गाव विजेवाचून का बसतं, हा प्रश्न ती प्रत्येक सादरीकरणाच्या सुरुवातीला विचारायची.

वीज थोडा वेळ गेली तेव्हा यंत्र आधी चाललं होतं. पण आज वीज कंपनीनं दुरुस्तीसाठी दिवसभर लाईन बंद ठेवली होती. वळवाच्या वाऱ्यानं गावाच्या अलीकडचे खांब कलले होते, ते सरळ करायचे होते. म्हणजे ही पहिली मोठी परीक्षा होती, आणि गिरणी चालू होती.

तिनं फोन ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि आकडे बघायला लागली. ही तिची आवडीची वेळ असायची. गाव किती वीज घेतंय, ऊन किती मिळतंय, बॅटरी किती उतरतेय. ऊन भरपूर होतं. तरी बॅटरी भराभर उतरत होती.

आधी तिला वाटलं, कूलर असतील. मे महिना होता. मग तिनं गेल्या आठवड्याचे याच वेळचे आकडे उघडून शेजारी ठेवले. गाव कधीच एवढी वीज घेत नव्हतं. सगळे कूलर, गिरणी, पाण्याची मोटार एकदम लावली तरी एवढी नाही. म्हणजे ही वीज गावाबाहेर कुठेतरी जात होती.

हद्दीवरचा स्विच उघडा आहे असं पडद्यावर दिसत होतं. शेजारी हिरवा ठिपकाही होता. स्विचच्या पलीकडे, बंद केलेल्या लाईनीवर, शेतीपंपांचा एक ट्रान्सफॉर्मर होता आणि त्यावरही प्रयोगासाठी एक मीटर बसवलेलं होतं. आज तिथे शून्य असायला हवं होतं, म्हणून तिनं सकाळपासून ते उघडलंच नव्हतं. आता उघडलं.

शून्य नव्हतं. विजेचा दाब कमी होता, वेडावाकडा होता, पण होता.

निवेदिताला वाटलं, जुना आकडा राहिला असेल. तिनं पान पुन्हा उघडलं. आकडा किंचित हलला, म्हणजे ताजा होता.  स्विच उघडलेला नव्हता. किंवा अर्धाच उघडला होता. तीन तारांची तीन पाती एकदम उघडायची. त्यातलं एक उघडलं असेल आणि दोन चिकटून राहिली असतील. स्विचच्या दांड्यावरची खूण मात्र सांगत होती की काम झालं. तिच्या प्रोग्रॅमनं त्या एका खुणेवर विश्वास ठेवला आणि बॅटरी चालू केली. आणि बॅटरी आता फक्त चिंचबनाला नाही, तर कंपनीनं बंद करून दिलेल्या लाईनीलाही वीज देत होती.

त्या लाईनीवर माणसं काम करत होती.

तिनं बॅटरी थांबवायचा हुकूम पाठवला. पडद्यावर पांढरं चक्र फिरत राहिलं. हुकूम पोचला की खाली एक ओळ येते, ती आली नाही. मग सगळेच आकडे करडे झाले. चिंचबनाशी संपर्क तुटला होता. गावाचा मोबाईल टॉवर बंद लाईनीवर होता आणि त्याच्या स्वतःच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या, हे तिला ठाऊक होतं. त्यांनी आता मान टाकली होती. शेवटचा हुकूम टॉवर पडायच्या आधी पोचला की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता.

तिनं बजाबाईंना फोन लावला. कंटेनरच्या दारावर लाल बटण होतं. ते कुणीही दाबलं असतं तरी चाललं असतं. फोन लागला नाही. पुन्हा लावला. मग गावातले होते तेवढे सगळे नंबर लावले. प्रत्येक वेळी तीच बाई शांतपणे सांगत होती की हा ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

ती धावत गोपाळ सरांच्या खोलीत गेली. गोपाळ सर तिचे मार्गदर्शक. प्रकल्प त्यांनीच मिळवला होता, परवानग्यांसाठी वर्षभर खेटे त्यांनीच घातले होते. त्यांनी तिचं बोलणं ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाले की मीटर चुकीचं दाखवत असेल, उन्हानं ही मीटरं अशी करतात.

"आणि स्विच चुकीचं दाखवत असेल तर?" निवेदिता म्हणाली.

सर उठले आणि गाडीची चावी शोधायला लागले. चावी टेबलावर त्यांच्या समोरच होती, तरी त्यांना ती दिसेना.

जिन्यावरून उतरता उतरताच निवेदितानं उपकेंद्राला फोन लावला. चिंचबनाची लाईन जिथून निघते ते उपकेंद्र गावापासून बरंच लांब, फाट्यावर होतं. तिथे दुसरा टॉवर होता. फोन उचलला गेला. वैजयंती नावाची ऑपरेटर ड्युटीवर होती. निवेदिता तिला एकदाच भेटली होती, प्रशिक्षणाच्या दिवशी; मागच्या रांगेत बसून सगळं निमूट ऐकणारी बाई, एवढंच तिला आठवत होतं.

निवेदितानं सांगितलं की लाईन बंद नाही, गावाकडच्या बाजूनं तिच्यात वीज येतेय, लाईनमनना खाली उतरवा. वैजयंतीला आधी ते कळलंच नाही. ती म्हणाली की माझ्याकडनं लाईन तोडलेली आहे, ब्रेकर बंद आहे, आयसोलेटर उघडा आहे, मी स्वतः उघडलाय आणि मगच कामाचं परमिट दिलंय. निवेदितानं पुन्हा सांगितलं, या वेळी हळू, एकेक शब्द. तिचा आवाज मधेच फाटत होता. 

"महिपतीअण्णा आन संगमेश गेल्यात," वैजयंती म्हणाली. "फोन लागत न्हाय त्यांचा. मगाधरनं लावतीया मी, जेवणाचं इचारायला."

दुसरं कुणी पाठवता येईल का, असं निवेदितानं विचारलं. उपकेंद्रात वैजयंती एकटीच होती, आणि काम चाललं होतं ते ठिकाण तिथून मोटारसायकलवरही लवकर गाठता येण्यासारखं नव्हतं. शिवाय मोटारसायकल महिपतीच घेऊन गेला होता.

गोपाळ सरांनी गाडी पुण्याच्या रस्त्याला काढली. निवेदितानं फोन स्पीकरवर टाकला. वैजयंतीकडे दाब तपासायची काठी होती. तारेजवळ नेली की वीज असल्यास वाजते. निवेदितानं तिला ती लाईनीच्या तोंडाशी धरायला सांगितली. वैजयंती फोन खिशात टाकून आवारात गेली. फोनमधून खडीवर पडणाऱ्या पावलांचा आवाज येत राहिला, मग वारा, मग एक बारीक किरकिर. ती थांबली, पुन्हा सुरू झाली.

वैजयंतीनं फोन कानाला लावला तेव्हा तिला धाप लागली होती. "दोन तारांवर जोरात वाजतंय. तिसरीवर बारीक. मॅडम, ही लाईन जिती हाय."

गोपाळ सरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. आत्तापर्यंत त्यांच्या मनात कुठेतरी आशा होती, ती संपली. स्टेअरिंग धरून ते समोर बघत राहिले. मागून ट्रक हॉर्न वाजवत गेला. मग ते निवेदिताकडे न बघता म्हणाले, "अर्थ स्विच."

निवेदिताच्याही मनात तेच आलं होतं, पण ते तोंडानं उच्चारायचं तिचं धाडस होत नव्हतं. उपकेंद्रात लाईनीच्या तोंडाशी एक हँडल असतं. ते फिरवलं की तिन्ही तारा जमिनीला जोडल्या जातात. बंद लाईनीवर चुकून वीज आलीच तर माणसाला इजा होऊ नये म्हणून ही सोय. आता ते हँडल फिरवलं तर बॅटरीच्या यंत्राला एकदम मोठा झटका बसणार आणि ते स्वतःला वाचवायला बंद पडणार, हे निश्चित. पण ते हँडल बंद लाईनीवर फिरवायचं असतं. जित्या लाईनीवर फिरवू नये, हे ऑपरेटरला पहिल्याच दिवशी शिकवतात, कारण पाती जवळ आली की ठिणगी उडते आणि हँडल धरणारा माणूस तिथून फार लांब नसतो.

निवेदितानं ते वैजयंतीला सांगितलं. काही न लपवता सांगितलं. बॅटरी मोठ्या वीजकेंद्रासारखी नाही, तिचा झटका थोडा असतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत ती बंद पडेल, असंही सांगितलं. ते सांगतानाच तिच्या मनात आलं, की स्विच उघडेल हेही आपण असंच खात्रीनं सांगितलं होतं.

"तुमी पक्कं सांगताय का?" वैजयंतीनं विचारलं.

निवेदितानं सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे मिटून घेतले होते. "माझा हिशेब तसं सांगतो," ती म्हणाली. "पण आज सकाळीही माझ्या हिशेबानं लाईन बंद होती. मला भीती वाटतेय. तुम्ही नाही म्हणालात तर मी काही बोलू शकणार नाही."

वैजयंती हँडलपाशी गेली. मग म्हणाली की ते हँडल जाम आहे. सकाळी परमिट देताना ते फिरवायला हवं होतं, पण ते फिरत नाही म्हणून कुणी फिरवतच नाही. लाईनमन जागेवर तारांवर आपली साखळी टाकून त्या जमिनीला जोडतात. जाम हँडल म्हणजे पाती सावकाश जाणार. सावकाश गेली की ठिणगी लांबते. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती पुढे म्हणाली, "महिपतीअण्णाला दोन पोरी हायत." आणि फोन कट न करताच कुठेतरी ठेवला.

निवेदिता ऐकत राहिली. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. मग पुन्हा. वैजयंती कसल्यातरी पाईपनं किंवा दगडानं हँडल सैल करत होती. मग काही क्षण काहीच नाही.  मग एक कोरडा, फाटका कडकडाट झाला, फोन खरखरला, आणि बाईचा ओरडा ऐकू आला.

निवेदिता तिला हाका मारत राहिली. गोपाळ सरांनीही हाका मारल्या. उत्तर येईना. सरांनी गाडी सुरू केली आणि इतक्या जोरात पुढे काढली की निवेदिताचं डोकं मागे आपटलं. मोहोळ यायच्या आत फोनवर खरखर झाली.

"पडली मी," वैजयंतीचा आवाज आला. ती रडत होती की हसत होती, ते कळत नव्हतं. "लई मोठा जाळ झाला. मनगट मुरगळलंय. पण हँडल बसलंय, मॅडम. काठी गप हाय. तिन्हीवर गप हाय."

निवेदितानं डोकं गुडघ्यात घातलं. बॅटरी बंद पडली होती. पण ती बंद पडायच्या आधी काय होऊन गेलं, ते वैजयंतीला माहीत नव्हतं आणि यांनाही नव्हतं. तारा सकाळपासून जित्या होत्या. महिपती कधी खांबावर चढला असेल, कुठपर्यंत चढला असेल. वैजयंती सारखी फोन लावत होती आणि लागत नव्हता.

शेटफळवरून ते माढ्याच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना ऊस होता, त्यावर पाण्याचे फवारे उडत होते, म्हणजे इकडच्या पंपांना वीज होती. निवेदिताला ते बघवेना. तिनं खिडकीची काच वर केली. माढ्याच्या आधी समोरून एक रुग्णवाहिका सायरन वाजवत आली आणि निघून गेली. दोघांनीही मान वळवून तिच्याकडे पाहिलं. गाडी कुठल्या गावची, आत कोण, हे कळायचा काही संबंध नव्हता. सर म्हणाले की कुर्डुवाडीची असेल, बाळंतीण असेल. त्यांच्या आवाजात जोर नव्हता. पुढे बराच वेळ निवेदिता एकच गोष्ट मनात घोळवत होती: महिपतीच्या बायकोला आपण काय सांगायचं. ती बाई तिनं कधी पाहिली नव्हती. तिचं नावही माहीत नव्हतं. पण तिच्या दारात आपण उभ्या आहोत, आणि ती पदराला हात पुसत बाहेर येतेय, असं तिला पुन्हा पुन्हा दिसत होतं.

तिच्या आईचा फोन येऊन गेला. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या घरी आज पाहुणे जेवायला होते आणि ती दुपारी जाणार होती. तिनं फोन उचलला नाही.

कुर्डुवाडी मागे पडलं. केमच्या अलीकडे रस्ता वळला आणि माळ सुरू झाला. लांबून खांब दिसायला लागले. निवेदिता प्रत्येक खांबाकडे बघत होती आणि बघायला घाबरत होती. कुठल्याही खांबावर कुणी नव्हतं. ते चांगलं होतं की वाईट, ते ठरवता येत नव्हतं.

बाभळीच्या सावलीत मोटारसायकल उभी होती. तिच्याजवळ दोन माणसं जमिनीवर बसली होती. सर गाडी पूर्ण थांबवायच्या आधीच निवेदिता उतरली आणि धडपडली. बसलेल्यांपैकी तरुण होता तो उठून उभा राहिला, तो संगमेश. दुसरा उठला नाही. पन्नाशीकडे झुकलेला, रुंद खांद्यांचा माणूस, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसला होता. साखळी त्याच्या शेजारी मातीत पडली होती. तो महिपती.

"लागलं का तुम्हाला?" निवेदितानं विचारलं.

महिपतीनं मान हलवली. नाही. मग संगमेशनं सांगितलं. सकाळपासून ते खड्डे भरत होते, ताणाची तार ओढत होते, दोन खांब सरळ केले. वर चढायची पाळी दुपारी आली. महिपती अर्ध्यावर पोचला होता, खांद्यावर साखळी होती, वर गेल्यावर ती तारांवर टाकणार होता. तेवढ्यात पलीकडच्या हद्दीवरच्या स्विचच्या खांबावर कडाडकन आवाज झाला आणि तिथून जळकं काहीतरी खाली पडलं. महिपती होता तिथेच खांबाला चिकटून राहिला. संगमेश खालून हाका मारत होता, पण त्याला उतरता येईना. बऱ्याच वेळानं तो उतरला तेव्हापासून असाच बसला आहे, असं संगमेश म्हणाला.

निवेदिता त्याच्यासमोर मातीत बसली. काय झालं होतं ते तिनं त्याला सांगितलं. स्विच कसा अडकला, बॅटरी कशी चालू झाली, तारा सकाळपासून जित्या होत्या. सर मागे उभे होते. त्यांनी एकदा तिला थांबवायला हात पुढे केला आणि मग मागे घेतला. महिपती ऐकत होता. तारा सकाळपासून जित्या होत्या हे ऐकल्यावर त्यानं पहिल्यांदा वर बघितलं, तारांकडे. तासाभरापूर्वी तो त्यांच्या दिशेनंच चढत होता.

"साखळी टाकली असती," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "तर माझ्याच हातात फुटली असती."

"हो," निवेदिता म्हणाली.

महिपती पुन्हा हातांकडे बघायला लागला.  एवढ्या वर्षांत वादळात चढलो, पावसात चढलो, असं काही झालं नाही, असं तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. लाईन कुठून येते ते माहीत असायचं, एकाच बाजूनं यायची. तिकडून बंद केली की संपलं. आता घराघरावर पॅनेलं, शेतात पॅनेलं, तुमची बॅटरी. आता कुठल्या बाजूनं येईल ते कुणी सांगायचं.

निवेदिताकडे याचं उत्तर होतं. तिच्या प्रबंधात त्यावर एक पूर्ण प्रकरण होतं. तिनं ते सांगितलं नाही.

ती आणि सर कंटेनरपाशी गेले. यंत्र बंद पडलेलंच होतं. तिनं लाल बटण दाबलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली सरांच्या हातात दिली. मग दोघं हद्दीवरच्या खांबाखाली जाऊन उभे राहिले. वरचा स्विच खालूनही दिसत होता: एक पातं उघडं, दोन मिटलेली, त्यातल्या एकाचं टोक वैजयंतीनं हँडल फिरवलं तेव्हाच्या झटक्यानं काळं पडलेलं. इतक्या उघडपणे दिसत होतं. सकाळी इथून कुणी नुसती मान वर केली असती तरी कळलं असतं. सरांनी फोटो काढले. दोन-तीन फोटो हलले.

बजाबाई गिरणीतून चालत आल्या. ज्वारी अर्धी दळून झाली आणि गिरणी बंद पडली, अशी त्यांची तक्रार होती. बाया खोळंबल्यात, वीज परत कधी येणार, असं त्या विचारत होत्या. मग त्यांनी निवेदिताचा चेहरा बघितला आणि त्या मागे वळल्या. थोड्या वेळानं घरून तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि आधी महिपतीला दिलं.

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला ते उपकेंद्रावर गेले. महिपती आणि संगमेश त्यांच्याच गाडीत होते, कारण महिपतीला मागे बसूनही मोटारसायकलवर जायचं नव्हतं. वैजयंती दारातच उभी होती. मनगटाला ओला रुमाल गुंडाळला होता, आणि एका बाजूच्या भुवईचे केस जळून आखडले होते. महिपती उतरताना दिसला तशी ती दाराच्या चौकटीला टेकली. तिनं नुसतं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवला.

चहा झाला तेव्हा निवेदिता तिच्याबरोबर आत होती. तिनं विचारलं, तुम्ही माझं का ऐकलं. ओळख नाही, नियमाच्या विरुद्ध, आणि मीच चुकले होते.

वैजयंतीनं चहा गाळता गाळता थोडा विचार केला. "आफिसातनं फोन येत्यात ते लोक पक्कं बोलत्यात," ती म्हणाली. "काय बी इचारा, काय प्रॉब्लेम न्हाय म्हणत्यात. तुमी भ्यायला होता. म्हणलं, ही बाई खोटं बोलत न्हाय." मग तिनं चांगल्या हातानं कप पुढे केला. हँडल ओढताना डोळे मिटले होते, असं ती म्हणाली. जाळ झाला तो मिटलेल्या पापण्यांतूनही पांढरा दिसला. आता डोळे मिटले की तोच दिसतो.

पुढे चौकशी झाली. स्विच बनवणाऱ्यांनी सांगितलं की अशी गोष्ट क्वचितच होते. एका बैठकीत कुणीतरी सुचवलं की अपघात झालेला नाही, तेव्हा एवढ्या तपशिलात जायची गरज नाही. तोपर्यंत शांत बसलेले गोपाळ सर उभे राहिले आणि म्हणाले की तपशील माझी विद्यार्थिनी सांगेल, आणि तो पूर्ण ऐकला जाईल. निवेदितानं सांगितला. बोलताना तिचा आवाज पुन्हा फाटला आणि तिनं तो सावरायचा प्रयत्न केला नाही. वैजयंतीचं हँडल कंपनीनं बदललं. चिंचबनाची बॅटरी पावसाळाभर बंद राहिली. निवेदितानं प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. आता पलीकडच्या तारा मेल्या आहेत याचे वेगवेगळे पुरावे मिळाल्याशिवाय बॅटरी सुरू होत नव्हती, आणि लाईनीवर माणसं असतील त्या दिवशी तर मुळीच नाही. तिच्या मते ते काम चांगलं झालं होतं. पण प्रोग्रॅम पूर्ण झाल्यावर तो चालू करायची परवानगी मागणारा अर्ज ती किती तरी दिवस पाठवू शकली नाही. सरांनी घाई केली नाही.

महिपती महिनाभर खांबावर चढला नाही. मग चढायला लागला. चिंचबनाच्या लाईनीसाठी मात्र त्यानं एक अट घातली आणि ती सरळ निवेदिताला फोन करून सांगितली: तुमचं यंत्र परत सुरू झालं, की त्या लाईनीवर मी चढंन त्या दिवशी तुमी खांबाखाली पाहिजे. सोलापुरात न्हाय. हितं.

ती हो म्हणाली. दिवाळीनंतर यंत्र सुरू झालं आणि तेव्हापासून ती जाते. सोलापूरहून पहाटेची गाडी पकडते, केमला उतरते, बजाबाईंचा पुतण्या तिला स्टेशनवरून घेऊन जातो. स्विचची तिन्ही पाती उघडी आहेत हे ती खालून मान वर करून बघते, महिपती बघतो, मग महिपती काठी लावतो आणि खालूनच तारांवर साखळी टाकतो. सगळं नीट असतं. तरी तो पहिला पाय खांबावर ठेवतो तेव्हापासून तो खाली उतरून जमिनीवर पाय टेकवेपर्यंत ती त्याच्यावरची नजर काढत नाही. आपली भीती जाईल असं तिला आधी वाटायचं. आता वाटत नाही. महिपतीनंही एकदा चपला घालता घालता सांगितलं, की माझीबी गेली न्हाय, आन ती जायला नगं.